आमच्या हद्दीत येत नाही



ज्यांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान आहे, त्या आप्पांना मी पहिल्यांदा पाहिलं ते समुद्रावर. लग्न होऊन मी मद्रासला आले त्या पहिल्याच वर्षी. मरीनाच्या उत्तर टोकाला, सेंट जॉर्ज किल्ल्याजवळ जे विजय युद्धस्मारक आहे, तिथल्या कुंपणापाशी आप्पा रोज सकाळी दोन मिनिटं थांबत आणि पुढे चालू लागत. पहिल्या महायुद्धातल्या विजयाची आठवण म्हणून ते उभारलं गेलं. पुढे त्यावर दुसऱ्या महायुद्धाचा उल्लेख आला, मग १९४८चं काश्मीर, १९६२, आणि पाकिस्तानशी झालेली युद्धं. एकाच दगडावर दोन राजवटींची युद्धं. मी एकदा विचारलं, "आप्पा, रोज कशाला थांबता?" ते म्हणाले, "कुणीतरी बघतंय, एवढं तरी असू दे."

आजचा विषय त्या वाक्यातून निघाला आहे. बघणारा माणूस असला तरी त्याला काही खटकलं, अक्षर झिजलेलं दिसलं, शिळेसमोर फलक लागलेला दिसला, तर त्याने जायचं कुणाकडे? आणि ज्याच्याकडे जायचं त्याने उत्तर द्यावं यासाठी काय करायचं? युद्धस्मारकं आणि आपला नगरसेवक या दोघांचा संबंध काय, याबद्दल मला बोलायचं आहे.

सुरुवात स्वतःच्या अनुभवापासून करते. माझ्या आजोळच्या गावाचं नाव सांगत नाही. तिथे जुन्या चावडीच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी होती. तशा पाट्या देशभरातल्या कितीतरी गावांत आहेत. सातारा भागात आहेत, इथे तमिळनाडूतही आहेत. या गावातून इतके जण १९१४ ते १९१९च्या महायुद्धात गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढाच मजकूर. आमच्या पाटीवर सात आणि दोन हे आकडे होते. नावं नव्हती. काही वर्षांपूर्वी मी गेले तेव्हा चावडीला ऑइलपेंट दिलेला होता आणि तोच ब्रश पाटीवरूनही फिरला होता. सात आणि दोन, दोन्ही निळ्या रंगाखाली गेले होते.

मी अर्ज केला. पहिल्या कार्यालयाने सांगितलं, इमारत आमची, पण पाटी आमची नाही. दुसरीकडे सांगितलं, पाटी लष्कराशी संबंधित दिसते. तिसरीकडे म्हणाले, लष्कराच्या यादीत नाही, शंभर वर्षांची आहे तर पुरातत्त्ववाल्यांना विचारा. चौथीकडून आलेल्या कागदावर एकच ओळ होती: सदर बाब आमच्या हद्दीत येत नाही. पाच महिन्यांत चार कागद जमले, आणि पाटी तशीच निळी. आता गंमत करावीशी वाटत नाही, कारण त्या चारही माणसांत वाईट कुणी नव्हतं. प्रत्येकाने आपापलं रजिस्टर उघडून पाहिलं आणि त्यात ती पाटी नव्हती. पण त्या दिवसापासून मी कोणतंही स्मारक पाहिलं की माझ्या मनात पहिला प्रश्न हाच येतो की हे कुणाच्या रजिस्टरात आहे.

चेन्नईत हा प्रश्न विचारून बघा. नंदंबाक्कमला, माउंट-पूनमल्ली रस्त्यावर, मद्रास युद्धस्मशानभूमी आहे. १९५२ साली स्थापन झालेली. दुसऱ्या महायुद्धातल्या साडेआठशेहून अधिक सैनिकांच्या कबरी तिथे आहेत, आणि पहिल्या महायुद्धातल्या हजारावर सैनिकांची नावं स्मारकावर आहेत, ज्यांच्या मूळ कबरी ठिकठिकाणच्या दफनभूमींत होत्या आणि ज्यांची देखभाल शक्य राहिली नव्हती. हिरवळ कापलेली, दगड घासलेले, ओळी सरळ. कारण उघड आहे. राष्ट्रकुल युद्धस्मशान आयोग नावाची संस्था १९१७पासून हेच एक काम करते आणि प्रत्येक दगड तिच्या वहीत आहे. मरीनाचं स्मारक लष्कर सांभाळतं, तिथे पुष्पचक्रं वाहिली जातात. पण उच्च न्यायालयाच्या आवाराच्या भिंतीवर 'एमडेन'ची पाटी आहे. २२ सप्टेंबर १९१४च्या रात्री कॅप्टन फोन म्युलरच्या त्या जर्मन युद्धनौकेने बंदरावर सुमारे १३० तोफगोळे डागले, बर्मा ऑइल कंपनीच्या तेलाच्या टाक्या पेटल्या, बंदरातल्या एका जहाजावरचे काही खलाशी मेले. भारताच्या भूमीवर पहिल्या महायुद्धाचे गोळे पडल्याची ही एकमेव जागा. समोरून रोज हजारो माणसं जातात. पाटी किती जणांनी वाचली असेल? मात्र तमिळमध्ये 'एमडन' हा शब्द घराघरात आहे, जबरदस्त किंवा बिलंदर माणसाला तो लावतात. माझ्या घरी भांडी घासायला येणाऱ्या बाईंनी नातवाला 'एमडन' म्हटलं तेव्हा मी त्यांना ती गोष्ट सांगितली. त्या थक्क झाल्या. पाटीने जे केलं नाही ते भाषेने केलं.

तर मुद्दा असा. स्मारक लष्कराचं असेल, आयोगाचं असेल, न्यायालयाच्या भिंतीवरचं असेल. पण त्याच्या पायाशी येणारा फुटपाथ कुणाचा? समोरचा दिवा, शेजारची कचराकुंडी, पावसाळी गटार, अंगावर येणारा जाहिरातफलक, रस्तारुंदीची आखणी? हे बहुतांशी महानगरपालिकेचं. म्हणजे स्मारकाचा दगड सोडला तर त्याचा बाकी बराचसा संसार नगरसेवकाच्या हद्दीत येतो. 'आमच्या हद्दीत येत नाही' हे उत्तर म्हणूनच अर्धवट आहे. आणि हद्दीत नसलं तरी सभागृहात उभं राहून ज्याच्या हद्दीत आहे त्याला विचारायला नगरसेवकाला कोणता कायदा आडवा येतो?

हे मी हवेत बोलत नाही. या शहराच्या नगरसेवकांनी हे करून दाखवलेलं आहे, आणि ती हकीकत आपण मराठी माणसांनी तर नक्की माहीत करून घ्यावी.

जेम्स नील हे नाव. मद्रास फ्युझिलियर्सचा हा अधिकारी १८५७मध्ये इथून उत्तरेत गेला. अलाहाबाद, मग कानपूर. कानपूर म्हटलं की आपल्याला बिठूर आठवतं, नानासाहेब आठवतात, तात्या टोपे आठवतात. बीबीघरात इंग्रज बायकामुलांची कत्तल झाली, ती भयंकरच होती. पण त्यानंतर नीलने जो सूड घेतला तो इंग्रजांनीच लिहून ठेवलेला आहे. पकडलेल्या माणसांना फाशीआधी त्या फरशीवरचं वाळलेलं रक्त चाटून साफ करायला लावण्याचा त्याचा हुकूम होता. सप्टेंबर १८५७मध्ये लखनौत तो मारला गेला. आणि त्याचा पुतळा मद्रासमध्ये, माउंट रोडवर, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर उभा राहिला.

तो तिथे सहा दशकांहून अधिक काळ होता. ऑगस्ट १९२७मध्ये तरुण स्वयंसेवक शिडी, हातोडे घेऊन पुतळ्यापाशी गेले आणि पकडले गेले. मग तुकड्यांमागून तुकड्या. तिरुनेलवेली भागातले सोमयाजुलू या चळवळीचे पुढारी होते. कामराज तेव्हा पंचविशीच्या आत होते आणि या सत्याग्रहात ओढले गेले होते. सप्टेंबरमध्ये गांधीजी मद्रासला आले, स्वयंसेवकांना भेटले. पुतळा नको हे त्यांना मान्य होतं, आग्रह अहिंसेचा होता. माणसं तुरुंगात गेली. प्रांतिक कायदेमंडळात मागणी फेटाळली गेली. चळवळ ओसरली.

आणि पुतळा हलला कधी? दहा वर्षांनी, १९३७ साली. राजाजींचं मंत्रिमंडळ आलं होतं आणि मद्रास महापालिकेने पुतळा हटवण्याचा ठराव केला. ज्या रिपन बिल्डिंगसमोरून आपण सेंट्रल स्टेशनला जातो, त्या १९१३च्या पांढऱ्या इमारतीतला हा ठराव. आज नील एग्मोरच्या सरकारी संग्रहालयात आहे. फोडला नाही, पुरला नाही. ज्याला इतिहास बघायचा आहे त्याने तिथे जाऊन बघावा.

मला या हकीकतीतलं सगळ्यांत मोलाचं काय वाटतं सांगू? तुरुंगात गेलेल्या मुलांशिवाय तो ठराव झाला नसता, हे खरंच. पण ठरावाशिवाय ती मुलं जिंकली नसती, हेही तितकंच खरं. रस्त्यावरचा राग दहा वर्षांत विरून गेला असता, जात होताच. कुणीतरी तो कागदावर घेतला, सूचक-अनुमोदकाची नावं लागली, मतं पडली, आणि मगच क्रेन आली.

आता उलट बाजू बघा. सभागृहच नसेल तर काय होतं?

या शहराला १९७३ ते १९९६ अशी तेवीस वर्षं निवडून आलेले नगरसेवक नव्हते. महापालिका बरखास्त झाली आणि प्रशासक बसले. मी इथे आले तेव्हा नगरसेवक ही काय चीज आहे हे इथल्या तरुणांना ठाऊक नव्हतं. बरोबर याच काळात, जुलै १९८७मध्ये, भारताची शांतिसेना श्रीलंकेत गेली आणि मार्च १९९०मध्ये शेवटची तुकडी मद्रासच्या बंदरात उतरली. सुमारे बाराशे जवान परत आले नाहीत. जे आले त्यांच्या स्वागताला त्या वेळचे मुख्यमंत्री करुणानिधी गेले नाहीत आणि तसं त्यांनी उघड सांगितलं.

मेलेल्यांत मेजर रामस्वामी परमेश्वरन होते. जन्म मुंबईचा, शाळा-कॉलेज मुंबईच्या एसआयईएसमध्ये, रेजिमेंट महार. त्यांच्या अंगावरचा गणवेश ज्या रेजिमेंटचा होता ती १९४१ साली बेळगावात उभी राहिली. २५ नोव्हेंबर १९८७ला छातीत गोळी लागलेली असताना त्यांनी समोरच्याची रायफल हिसकावून त्याला मारलं आणि शेवटपर्यंत हुकूम देत राहिले. शांतिसेनेतलं एकमेव परमवीरचक्र त्यांचं. तमिळ घरातला, मुंबईत वाढलेला, महार जवानांचं नेतृत्व करणारा हा माणूस जितका चेन्नईचा तितकाच आपला आहे. अरुंबाक्कममध्ये सैनिकांच्या वसाहतीला परमेश्वरन विहार नाव आहे, इथल्या ऑफिसर्स ट्रेनिंग अकादमीच्या कवायत मैदानाला त्यांचं नाव आहे. म्हणजे लष्कराने आठवण ठेवली. शहराने, शहर म्हणून, १९९०मध्ये काय करायचं हे ठरवायला शहराचं सभागृहच अस्तित्वात नव्हतं.

आणि इथे मला तुम्हाला सावध करायचं आहे. समजा तेव्हा सभागृह असतं. कुणी उठून म्हणालं असतं, या जवानांच्या नावाची शिळा लावा. तर दुसऱ्याने उठून विचारलं असतं, जाफन्याच्या रुग्णालयात ऑक्टोबर १९८७मध्ये डॉक्टर, परिचारिका, रुग्ण मारले गेले, त्यांचं काय? ते मेले ते आपल्याच सैन्याच्या गोळ्यांनी. या शहरात अशी घरं आहेत ज्यांची माणसं समुद्रापलीकडे होती. आपण मराठी माणसं सैन्याबद्दल बोलताना छाती भरून बोलतो, आणि ते योग्यच आहे, माझे दोन मामा सैन्यात होते. पण ज्या गल्लीत राहतो त्या गल्लीचं दुःख आपल्याला ठाऊक नसेल तर आपला अर्ज कितीही शुद्ध मनाने केलेला असो, तो त्यांना परका वाटणार. नगरसेवक गप्प बसतो तेव्हा दर वेळी तो आळशीच असतो असं नाही. कधी कधी त्याला दोन्ही घरं माहीत असतात. त्या दोन्ही घरांना एका खोलीत बसवून बोलतं करायचं, हेच तर सभागृहाचं काम. म्हणून ते रिकामं राहिलं की मला भीती वाटते. ऑक्टोबर २०१६ ते फेब्रुवारी २०२२ चेन्नई पुन्हा नगरसेवकांविना होती. मार्च २०२२नंतर मुंबई-पुण्यानेही वर्षानुवर्षं प्रशासक पाहिला. आपण त्याची सवय लावून घेतो आहोत.

आज मात्र आपल्या २०० प्रभागांत २०० माणसं निवडून आलेली आहेत. त्यातल्या आपल्या प्रभागातल्या माणसाशी बोलायचं कसं? मी तीन वर्षं हे करते आहे, थोडं शिकले आहे.

एक तर तमिळमध्ये लिहा. आपल्यातली काही घरं तंजावरच्या मराठा राज्याच्या दिवसांपासून इथे आहेत, तरी अर्ज इंग्रजीत जातो. इंग्रजी अर्ज कौन्सिलरच्या टेबलावरून साहाय्यकाकडे जातो आणि तिथेच राहतो. तमिळ अर्ज आमची कौन्सिलर स्वतः वाचते, शेजारणीला वाचून दाखवते. मोठमोठे शब्द घालू नका. शहिदांचा अपमान, राष्ट्राची अस्मिता असलं काही लिहिलं की समोरचा माणूस बचावात जातो. 'पाटीसमोर गाड्या लावतात, दोन खांब बसवा' असं लिहिलं तर त्याला करण्यासारखं काम मिळतं. फोटो, तारीख, रस्त्याचं नाव, आणि एकच मागणी. पोच घ्या. आवक क्रमांक नसलेला अर्ज म्हणजे पावसात टाकलेलं पत्र. महापालिकेच्या १९१३ या नंबरवर तक्रार जरूर करा, पण ती दिवा-कचऱ्यासाठी. स्मारकाचा प्रश्न तिथे बंद झाला असं दाखवून मोकळे होतात.

दुसरं, वेळ बघा. डिसेंबर २०२३मध्ये मिचाँग चक्रीवादळाचं पाणी घरात शिरलं होतं तेव्हा आमची कौन्सिलर कमरेइतक्या पाण्यात दुधाच्या पिशव्या वाटत होती. त्या आठवड्यात मी स्मारकाबद्दलच्या अर्जाची आठवण करून द्यायला गेले असते तर ती माणुसकी झाली नसती. मी जानेवारीत गेले. तिच्या लक्षात होतं की ही बाई डिसेंबरात आली नव्हती.

आणि खरी गोष्ट ही की खाजगीत 'बघते' म्हणवून घेण्यावर थांबू नका. उत्तर सभेत यायला हवं. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने १९९३पासून शहरांना प्रभाग समित्या दिल्या. तमिळनाडूत २०२२मध्ये एरिया सभा सुरू झाल्या. तिथे दहा माणसांसमोर विचारलेला प्रश्न इतिवृत्तात येतो. इतिवृत्तात आलेली गोष्ट पुढच्या सभेत 'काय झालं' म्हणून विचारता येते. इतकं साधं आहे, आणि इतकं कंटाळवाणं, की बहुतेक लोक दुसऱ्या सभेला येत नाहीत. दुसऱ्या सभेला या, एवढंच माझं मागणं आहे.

बाहेर बघायचं तर ब्रिटनमध्ये १९२३ साली एक कायदाच झाला, स्थानिक संस्थांना युद्धस्मारकांवर खर्च करण्याचा अधिकार देणारा. १९४८ साली तो वाढवला, कारण त्याच दगडांवर नवी नावं कोरायची होती. त्यामुळे तिथे गावच्या कौन्सिलरला 'आमच्या हद्दीत येत नाही' म्हणणं अवघड आहे. महाराष्ट्रात महापालिकांची कामं बंधनकारक आणि ऐच्छिक अशी वाटलेली आहेत. पाणी, गटार, दिवाबत्ती बंधनकारक. पण जो दगड पालिकेच्या मालकीचा नाही त्याची आठवण ठेवणं तिला बंधनकारक नाही.

पण ब्रिटनचंही सगळं उजळ नव्हतं, आणि ते बाहेर आलं ते एका लोकप्रतिनिधीमुळे. ज्या आयोगाचं मी मघाशी कौतुक केलं, त्याच आयोगाने आफ्रिका आणि आशियातल्या सैनिकांना सारखी वागणूक दिली नव्हती. टॉटनहॅमचे खासदार डेव्हिड लॅमी यांनी २०१९मध्ये त्यावर माहितीपट केला, प्रश्न विचारत राहिले. आयोगाने चौकशी समिती नेमली आणि एप्रिल २०२१मध्ये माफी मागितली. समितीच्या हिशेबाने किमान १ लाख १६ हजार माणसांची नावंच कुठे लागली नव्हती. आजच्या इराकातल्या बसऱ्याच्या स्मारकावर हिंदी अधिकाऱ्यांची नावं आहेत, पण साध्या शिपायांचे फक्त आकडे. तिथे, म्हणजे तेव्हाच्या मेसोपोटेमियात, आपल्या मराठा पलटणी होत्या. ११०वी मराठा कुटच्या वेढ्यात होती. २९ एप्रिल १९१६ला तिथल्या फौजेने शरणागती पत्करली, आणि पुढे कैदेत किती मेले ते वाचवत नाही.

हे वाचलं तेव्हा आमच्या चावडीची पाटी मला एकदम कळली. सात आणि दोन. नावं लिहायला जागा नव्हती म्हणून आकडे नव्हते लिहिलेले. बसऱ्याला जे केलं तेच आमच्या भिंतीवर केलं होतं.

त्या पाटीचं पुढे काय झालं ते सांगून थांबते. चार कार्यालयांचे चार कागद मी गावातल्या एका ग्रामपंचायत सदस्य बाईंना दाखवले. शिक्षण सातवी, बचतगटातून निवडून आलेल्या. त्यांनी हद्दीचं काही विचारलं नाही. "भिंत गावाची आहे ना? मग पाटी गावाची," म्हणाल्या, आणि ग्रामसभेत विषय घेतला. कुणीतरी रॉकेल आणि सुती फडकं आणलं. दोन तास लागले. निळ्यातून आधी सात निघाला, मग दोन.

तेवढ्यावर सगळे खूष होऊन उठायला लागले तेव्हा त्या बाई म्हणाल्या, "थांबा. त्या दोघांची नावं काय?"

सभेत कुणालाच सांगता आलं नाही. त्यांनी ग्रामसेवकाला तो प्रश्न तसाच इतिवृत्तात लिहायला लावला. गेल्या तीन ग्रामसभांत विषयपत्रिकेवर तो आहे.